येणे बाकी

घाण्याच्या वहीत, तीळ-खोबऱ्याच्या हिशेबाखाली
एक नाव आहे : ओबेद व्हिटकॉम्ब.
माडीवरची खोली, महिना दीड रुपया.
जमेची बाजू कोरी.

मांडवीच्या धक्क्यावर उतरला तेव्हा
जवळ एक पेटी, एक लोकरी कोट,
आणि मुद्दाम रिकामा ठेवलेला खिसा.
त्यांच्यात म्हणे तशी आज्ञाच असते :
थैली नको, शिदोरी नको, देव देईल.
देव देईल म्हणजे आपणच देणार,
रिबका म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली.

नाव ऐकून मी विचारलं, ओबेद? रूथचा मुलगा?
तो जिन्याच्या पायरीवर मटकन बसला.
कलकत्त्यापासून इथवर
हे त्याला कुणीच विचारलं नव्हतं.

छावणीच्या फाटकावर सार्जंटनं हटकलं.
जुन्या मिशनच्या पाद्र्यांनी कडी लावून घेतली.
इंग्रजी वर्तमानपत्रात छापून आलं
त्याच्या मुलखातल्या चार-चार बायकांबद्दल,
आणि भेंडीबाजारात पोरं मागं लागली :
साहेब, बायका किती?
तो एक बोट वर करायचा.
एक. आणि तीही
अर्ध्या पृथ्वीच्या पलीकडे.

मराठी मी शिकवली. दिव्याच्या उजेडात, तेल माझंच.
'ळ' त्याच्या जिभेवर कधी बसला नाही.

टपाल आलं सात महिन्यांनी,
एका गाठोड्यात दोन पत्रं.
त्यानं नंतरचं आधी फोडलं :
टेकडीमागं पुरली.
मग आधीचं :
मुलगी झाली, केस तुझ्यासारखे.
बाल गेलं, तो म्हणाला.
मी उच्चार सुधारला नाही.

वादही घालायचो आम्ही, खोटं का सांगू.
तो म्हणे, इस्राएलची माणसं गलबतात बसून
आमच्या खंडात उतरली, सोन्याच्या पत्र्यांवर लिहून गेली.
मी म्हणे, आमचंही गलबत होतं. नवगावच्या खडकावर फुटलं.
सात पुरुष, सात बाया वाचल्या,
पत्रे-बित्रे बुडाले, तोंडी शमा तेवढी उरली.
तो म्हणे, एलिया आमच्या मंदिरात प्रकटला.
मी म्हणे, असेल, पण वर गेला तो आमच्या खंडाळ्याहून,
दगडावर रथाच्या चाकाची खूण आहे, चल, दाखवतो.
मग दोघं हसायचो.
मलिद्याचं ताट मधे, गूळ बोटांना चिकटलेला.

ताप उतरल्यावर एकदा त्याला शिवेच्या मिठागरात नेलं.
त्याचं गाव खाऱ्या तळ्याकाठी आहे म्हणाला होता,
मासा नाही, होडी नाही, नुसतं पांढरं.
आगराच्या बांधावर उकिडवा बसून
त्यानं चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं,
बराच वेळ तोंड मिटून राहिला.
आगरी बाया टोपल्या उतरवून बघत होत्या.
एकीनं विचारलं, ह्याचं कोण मेलं?

अडीच वर्षांत बाप्तिस्मा एकाचा.
माझगावच्या ओहोटीत, गुडघाभर चिखलात,
तोफखान्यातून काढून टाकलेला एक आयरिश गडी.
पुढच्या महिन्यात तोही ताडीच्या दुकानात सापडला.
ओबेदनं त्याला पाठीवर आणला,
माझ्या पोत्यांवर निजवला,
रात्रभर जागून त्याची ओकारी पुसली.
मला त्या रात्री त्याचा धर्म पटला नाही.
माणूस पटला.

गेला तेव्हा तांदळाच्या जहाजावर,
भाड्याऐवजी डोल दुरुस्त करायच्या बोलीवर.
भाडं थकलं, म्हणून कोट काढून ठेवला.
मुंबईत लोकरीचा कोट!
पेटीत पडून त्याला कसर लागायला लागली,
तेव्हा रिबकानं उसवून
बैलाच्या मानेखाली, जुवाखाली शिवला.
वशिंडाची जखम भरली.

मुलगा वही चाळतो, म्हणतो, बाबा, हे आता खोडा.
खोडतो, म्हणतो मी. शाई आण.
शुक्रवारी दिवस कलायच्या आत बैल सोडताना
हाताला ती खरखरीत बाही लागते,
एक गुंडी अजून तशीच आहे.
शाई तो आणतो.
तोवर शब्बाथ लागलेला असतो,
आणि शब्बाथला आम्ही लिहीत नाही.